गंगारामाचे 'महाराष्ट्रपुराण' आणि मराठी वाचक

मराठीतील 'बारगीर' हा शब्द लष्करी व्यवस्थेतला आहे. ज्याला घोडा सरकारातून किंवा सरदाराकडून मिळे तो बारगीर आणि ज्याचा घोडा स्वतःचा तो शिलेदार, एवढाच त्याचा अर्थ. पगाराच्या हिशेबात शोभणाऱ्या या शब्दाला मराठीत ना भयाची छटा आहे, ना विशेष अभिमानाची. अठराव्या शतकाच्या मध्यावर हाच शब्द भागीरथीच्या तीरावर गेला आणि 'बर्गी' या रूपाने बंगाली भाषेत कायमचा राहिला. तेथे तो मुख्यतः एका अंगाईगीतामुळे टिकला. मूल निजले आहे, वस्ती सामसूम आहे आणि बर्गी देशात आले आहेत. पाठोपाठ, पाखरांनी फस्त केलेल्या पिकाची आणि द्यावयाच्या साऱ्याची काळजी येते. घोडेस्वाराचे भय आणि वसुलीचे भय त्या गाण्यात एकाच श्वासात उच्चारले जाते. एका भाषेत व्यवस्थेचा असलेला शब्द दुसऱ्या भाषेत अडीचशे वर्षे मुलांना भय घालीत राहतो, ही घटना केवळ भाषाशास्त्राच्या नोंदीपुरती नाही. प्रस्तुत लेखात या घटनेच्या मुळाशी असलेल्या एका बंगाली काव्याचा विचार करावयाचा आहे.

काव्याकडे वळण्यापूर्वी इतिहासाची चौकट थोडक्यात ध्यानात घ्यावी लागेल. १७४० मध्ये गिरियाच्या लढाईत सरफराजखानाला ठार करून अलीवर्दीखान बंगालचा नवाब झाला. ओडिशातील पराभूत पक्षाचा मीर हबीब पुढे नागपूरकर भोसल्यांना मिळाला. रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर चौथाईच्या मागणीसाठी १७४२ च्या वसंतात बंगालमध्ये उतरले. वर्धमानजवळ नवाबाची कोंडी झाली, मुर्शिदाबादेत जगत्‌सेठांची पेढी लुटली गेली आणि भागीरथीच्या पश्चिमेचा मुलूख काही महिने मराठी फौजांच्या ताब्यात राहिला. पुढल्या वर्षी स्वतः रघूजी आले. आणि त्यांना रोखण्यासाठी बाळाजी बाजीराव पेशवेही बादशहाच्या वतीने, मोबदला ठरवून, आले. १७४४ च्या मार्चअखेरीस मानकरा येथे भेटीला बोलावून अलीवर्दीने भास्कररामांना त्यांच्या सरदारांसह ठार केले. स्वाऱ्या मात्र थांबल्या नाहीत. १७५१ च्या तहाने वार्षिक बारा लाखांची चौथाई ठरली आणि ओडिशा भोसल्यांच्या हाती गेला. कलकत्त्याच्या रहिवाशांनी भयापोटी खणावयास घेतलेला आणि अपुराच राहिलेला 'मराठा खंदक' ही या दहा वर्षांची एक खूण होय.

या घटनांच्या अगदी निकट काळात गंगाराम नावाच्या कवीने 'महाराष्ट्रपुराण' लिहिले. मैमनसिंह जिल्ह्यात मिळालेली त्याची पोथी विसाव्या शतकाच्या आरंभी बंगीय साहित्य परिषदेच्या पत्रिकेत प्रसिद्ध झाली. एडवर्ड डिमॉक आणि प्रतुलचंद्र गुप्त यांनी १९६५ मध्ये त्याची इंग्रजी आवृत्ती सिद्ध केली. उपलब्ध आहे तो पहिला कांड. त्याचे नाव 'भास्कर-पराभव'. पयार छंदातील ही रचना इतिहासकारांनी पुराव्यासाठी पुष्कळ वापरली आहे. यदुनाथ सरकारांचा बंगालच्या इतिहासातील मराठी स्वाऱ्यांचा वृत्तांत या काव्याशिवाय पुरा होत नाही. परंतु पुरावा म्हणून वापरलेले काव्य काव्य म्हणून वाचावयाचे राहून जाते, असा अनुभव आहे. 'महाराष्ट्रपुराणा'चे तसेच काहीसे झाले.

काव्याचा आरंभ पौराणिक आहे. पृथ्वी पापाच्या भाराने दबते, देवांकडे गाऱ्हाणे नेते. शिव नंदीला आज्ञा करतो आणि नंदी दक्षिणेतील शाहूराजाच्या ठायी प्रवेश करतो. त्यातून चौथाईची मागणी आणि त्यातून स्वारी. ही चौकट मंगलकाव्याच्या परंपरेत वाढलेल्या श्रोत्यांच्या परिचयाची होती. येथे लक्षणीय आहे ते हे की, पृथ्वीला असह्य झालेले पाप परक्यांचे नाही. ते कवीच्या स्वतःच्या मुलखातील माणसांचे आहे. आक्रमणाचे काव्य लिहिणारा कवी आरोपाची सुरुवात आपल्या घरापासून करतो. मराठी सैन्य येथे दैवी शासनाचे साधन म्हणून अवतरते. हा दृष्टिकोन शेवटपर्यंत टिकला असता, तर काव्य दैववादाच्या एका ठरीव साच्यात संपले असते.

तसे होत नाही, कारण मध्यभागी पुराण बाजूला सरते आणि रस्ता दिसू लागतो. गावे सोडून पळणाऱ्या माणसांची एक दीर्घ यादी गंगाराम देतो. पंडित पोथ्या घेऊन निघतात, सोनार तराजू घेऊन, कोळी आपले जाळे घेऊन. शेख, सय्यद, मोगल, पठाण हेही त्याच वाटेवर आहेत. गर्भवती स्त्रिया वाटेतच अडतात. प्रत्येक जातीची ओळख तिच्या हातातील वस्तूने होते आणि ती वस्तू आता निरुपयोगी ओझे झालेली असते. याद्या देण्याची रीत जुन्या बंगाली काव्यात रूढ होती. नगरवर्णनात व्यवसायांची अशी यादी समृद्धी सुचविते. गंगाराम तीच यादी उलटी करतो. नगर बाहेर पडताना दिसते. रूढ तंत्राचा इतका अर्थपूर्ण उपयोग त्या काळच्या काव्यात क्वचितच आढळेल.

याच भागात एक छोटासा प्रसंग आहे. पळणाऱ्यांना कोणी विचारतो की, बर्गी तुम्ही डोळ्यांनी पाहिले काय? ते कबूल करतात की, पाहिले नाहीत. इतर पळताना दिसले म्हणून आपणही पळत आहोत. केवळ परपक्षाची निंदा करावयाची असती, तर कवीने हा प्रसंग गाळला असता. कारण त्यामुळे भयाचा काही अंश ऐकीव ठरतो. गंगाराम तो ठेवतो. अफवेची नोंद अफवा म्हणून करणारा निवेदक पुढे अत्याचार सांगू लागतो तेव्हा त्याच्या शब्दाला वजन येते. ही विश्वासार्हता संहितेच्या आतून सिद्ध झालेली आहे.

अत्याचारांचा भाग वाचणे सोपे नाही. कापलेले अवयव, स्त्रियांवरील बलात्कार, पेटविलेली घरे आणि विष्णुमंडप, पैसा न देणाऱ्याच्या नाकात ओतलेले पाणी, हे सारे गंगाराम अलंकाराशिवाय सांगतो. मागोमाग जळालेल्या गावांची नावे येतात. पयाराची संथ चाल येथे बदलत नाही. आक्रोशासाठी तो छंद तोडत नाही. एकामागून एक नावे त्याच लयीत येत राहतात आणि या एकसुरीपणातूनच विध्वंसाच्या व्याप्तीचा प्रत्यय येतो. रचनेतील ओबडधोबडपणा, पुनरुक्ती, प्रसंगांची घाईने केलेली जुळणी हे दोष नाकारता येणार नाहीत. पण या भागापुरते तरी दोष आणि सामर्थ्य यांत भेद करणे अवघड जाते.

काव्याचा खरा कळस देवीच्या प्रसंगात आहे. काटव्याच्या छावणीत भास्करपंडित दुर्गापूजा मांडतो. १७४२ च्या सप्टेंबरात नवाबाने हल्ला केला आणि ही पूजा मोडली, असा इतिहास आहे. गंगाराम त्या घटनेला नैतिक अर्थ देतो. ब्राह्मण, वैष्णव आणि स्त्रिया यांची हत्या झाल्यामुळे देवी कोपते, भास्करावरील कृपा काढून घेते आणि नवाबाच्या पक्षाला अनुकूल होते. ज्याला शिवाच्या आज्ञेने पाठविले, त्यालाच पार्वती टाकते. शासनाचे साधन स्वतःच पापी ठरू शकते आणि भक्ती हा अत्याचाराचा बचाव होऊ शकत नाही, हा या काव्याचा गाभा होय. देवी आपल्या पूजकाच्या विरुद्ध आणि मुसलमान नवाबाच्या बाजूने कौल देते, हे अठराव्या शतकातील एका ग्रामीण कवीने निःशंकपणे लिहावे, याचे महत्त्व आज अधिकच जाणवते.

समकालीन दरबारी रचनांशी तुलना केल्यास हे वेगळेपण स्पष्ट होते. वर्धमानच्या आश्रयाने बाणेश्वर विद्यालंकाराने १७४४ मध्ये लिहिलेल्या 'चित्रचंपू' या संस्कृत ग्रंथात मराठी सैन्याच्या निर्दयतेचे तीव्र वर्णन आहे. भारतचंद्राचे 'अन्नदामंगल' (१७५२) भुवनेश्वराच्या विटंबनेची शिक्षा म्हणून नवाबाच्या मुलखावर बर्गी पाठविते. एकाची दृष्टी राजाच्या संकटावर, दुसऱ्याची राजाच्या अपराधावर. गंगारामाच्या काव्यात राजे आहेत, पण मधला रस्ता त्याने प्रजेला दिला आहे.

मराठीत या कालखंडाची स्मृती निराळ्या ठिकाणी स्थिरावली. काशीराव राजेश्वर गुप्ते यांच्या नागपूरकर भोसल्यांच्या बखरीपासून पुढच्या इतिहासलेखनापर्यंत मराठी वाचकाच्या मनावर ठसलेला प्रसंग म्हणजे मानकऱ्याचा दगा. दगा झाला, हे खरेच आहे. भेटीचे वचन देऊन केलेली ती हत्या कोणत्याही न्यायाने समर्थनीय नाही. पण एकाच इतिहासातून एका भाषेने दगा लक्षात ठेवला आणि दुसरीने जळालेली गावे. दोन्ही स्मृती खऱ्या आहेत. आणि म्हणूनच त्यांपैकी एकीवर विसंबणारी वाङ्मयीन संस्कृती अपुरी राहते.

पदव्युत्तर वर्गात हे काव्य वाचताना एका विद्यार्थ्याने विचारले होते, "आपण हे कोणाच्या बाजूने वाचायचे?" प्रश्न प्रामाणिक होता. त्या प्रश्नामागे काही नेहमीचे आक्षेप उभे असतात. त्या काळी सर्वच फौजा लुटीवर चालत. मृतांचे आकडे फुगविलेले आहेत. ही फौज शिवकालीन नव्हे. पहिला आक्षेप वस्तुस्थिती म्हणून बरोबर आहे, पण ज्याचे घर जळाले त्याला तो उत्तर देत नाही. दुसऱ्यातही तथ्य आहे. डच कंपनीच्या नोंदीतून पुढे आलेला चार लाखांचा आकडा हा अंदाज आहे, मोजणी नव्हे. परंतु गंगारामाचे काव्य आकड्यांवर उभे नाही. तिसरा आक्षेप मात्र आक्षेपकावरच उलटतो. चिपळूणच्या छावणीतील अंमलदारांना लिहिलेल्या पत्रात शिवाजी महाराजांनी रयतेच्या भाजीपाल्यालाही हात लावू नये, अशी ताकीद दिली होती. मोजण्याची पट्टी आपल्याच परंपरेत, आपल्याच भाषेत लिहून ठेवलेली आहे. १७४२ चे बंगाल त्या पट्टीने मोजण्यासाठी परक्या नीतीची उसनवारी करावी लागत नाही.

विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे वाङ्मयीन उत्तरही मराठीतच आहे. विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये प्रसिद्ध झाला. १८५८ मध्ये झाशी पडली तेव्हाची लूट आणि कत्तल या वरसईच्या भिक्षुकाने आतून पाहिली. घरांतून काय काय गेले, माणसे कोठे लपली, तहान कशी लागली, हे तो ज्या साध्या बारकाईने सांगतो, ती गंगारामाच्या यादीची सख्खी बहीण शोभावी. गोडसे भटजी वाचताना कोणाच्या बाजूने वाचावे, असा प्रश्न मराठी वाचकाला पडत नाही; तो लुटल्या गेलेल्या घरात उभा असतो. तीच जागा गंगाराम आपल्याला देऊ करतो. फरक इतकाच की, त्या घराबाहेरचा घोडेस्वार आपली भाषा बोलतो.

बंगालने दोन स्मृती एकत्र सांभाळण्याचे काम आपल्यापुरते केले आहे. बंगालीत लिहिणाऱ्या सखाराम गणेश देउस्कर या मराठी कुळातील लेखकाच्या प्रेरणेने रवींद्रनाथांनी १९०४ मध्ये 'शिवाजी-उत्सव' ही कविता लिहिली. ज्या घरांतून बर्गींची अंगाई गायिली जात होती, त्याच घरांत शिवाजी महाराजांचा गौरवही पोचला. यदुनाथ सरकारांनी शिवचरित्र लिहिले आणि बर्गींचा वृत्तांतही लिहिला. ओडियामध्ये फकीरमोहन सेनापतींनी 'लछमा' ही कादंबरी मराठी स्वाऱ्यांच्या पार्श्वभूमीवर रचली. त्या प्रदेशांनी आपल्या वाङ्मयात मराठी माणसाला दोन्ही रूपांत जागा दिली आहे.

भारतीय साहित्याच्या एकतेविषयी आपण व्यासपीठांवरून पुष्कळ बोलतो. संतवाणीची साम्ये, रामकथेची रूपे, प्रबोधनाचे समांतर प्रवाह यांवर ती एकता सहज सिद्ध होते. तिची खरी परीक्षा अशा संहितांपाशी आहे, जेथे एका भाषेचा नायक दुसऱ्या भाषेत भयाचा विषय होतो. मराठीच्या विद्यार्थ्याने बखरीशेजारी 'महाराष्ट्रपुराण' ठेवून वाचावे. त्याने मान खाली घालावी, अशी अपेक्षा नाही. गंगारामालाही ती नसावी, कारण त्याने पापाची मोजणी स्वतःच्या गावापासून केली होती. 'बारगीर' या शब्दाचा अर्थ सांगताना मात्र यापुढे आपल्या कोशाच्या अर्थापाशी थांबता येणार नाही. त्या अर्थाच्या मागे भागीरथी ओलांडण्यासाठी निघालेली, हातात तराजू आणि पोथ्या घेतलेली माणसे उभी आहेत.