‘दोजिन’ : संज्ञा आणि स्वरूप

‘दोजिन’ या जपानी संज्ञेचा ‘हौशी’ असा अर्थ लावण्याचा प्रघात पडला आहे. तो सदोष होय. समान अभिरुचीने एकत्र आलेली मंडळी, हा तिचा मूलार्थ. ओझाकी कोयो व त्याचे सहकारी यांचे १८८५ सालचे केन्युशा मंडळ अशाच प्रकारचे होते. अकुतागावाची ‘नाक’ ही कथाही १९१६ मध्ये ‘शिन्शिचो’ या दोजिन-पत्रातच प्रकट झाली. तिला हौशी कोण म्हणेल?

१९७५ च्या डिसेंबरात टोकियोत पहिले ‘कॉमिक मार्केट’ भरले, तेव्हा तेथे अवघी ३२ मंडळे होती. या मेळाव्यात विकणारा व घेणारा या दोघांसही ‘सहभागी’ म्हणतात; ‘ग्राहक’ हा शब्द आयोजकांना मान्य नाही. हा निव्वळ शिष्टाचार नव्हे. दुसऱ्याच्या चित्रकथेतील पात्रे घेऊन तिचा उत्तरभाग रचणारा वाचक येथे लेखक होतो.

यास चौर्य म्हणावे काय? जुन्या वाका कवितेत ‘होन्कादोरी’ या नावाने पूर्वसूरींच्या ओळी उचलणे हा अलंकारच मानला जाई. परंतु तेइकाने गेल्या सत्तर-ऐंशी वर्षांतील कवींच्या ओळी घेण्यास मनाई केली होती. दोजिनकार नेमका जिवंत लेखकाकडून, बहुधा न विचारता, घेतो. पुष्कळ रचनांत (हे मान्य केलेच पाहिजे) आवडत्या पात्रांच्या पुनर्दर्शनापलीकडे काही नसते. मूळ कथेने जे टाळले त्यालाच ज्या हात घालतात, त्या मोजक्या रचना मात्र मूळ कृतीवरील टीकाच ठरतात. आणि टीकेला मूळ लेखकाची अनुज्ञा कधीच लागत नव्हती.