मयत खातेदार परत येतात

बँकेत मी ज्या टेबलावर बसतो, तिथं मेलेल्या माणसांची कामं येतात. मृत्यूचा दाखला, नॉमिनीची सही, वारसांचं आपसांतलं भांडण आणि शेवटी पासबुकावर 'खाते बंद' असा शिक्का. इतक्या वर्षांत एकही मयत खातेदार "अहो, माझं व्याज कमी लावलंत!" म्हणून परत आलेला नाही, हा या टेबलाचा मोठाच फायदा. त्यामुळे भाच्यानं जेव्हा पीटर हॅमिल्टन या इंग्रज लेखकाच्या तीन कादंबऱ्या माझ्यापुढे ठेवल्या आणि "मामा, यात मेलेली माणसं परत येतात," असं सांगितलं, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला.

'द रिअ‍ॅलिटी डिसफंक्शन' (१९९६), 'द न्यूट्रोनियम अल्केमिस्ट' (१९९७) आणि 'द नेकेड गॉड' (१९९९). तिन्हींची मिळून पानं ३,००० च्या वर. अमेरिकेतल्या प्रकाशकानं तर कागदी बांधणीच्या आवृत्तीत एकेकीचे दोन भाग करून सहा पुस्तकं केली. मोठं कर्ज हप्त्यांनी फेडावं, हे तत्त्व तिकडेही आहे म्हणायचं.

काळ सत्ताविसाव्या शतकाचा. माणसं शेकडो ग्रहांवर पसरली आहेत, काही अंतराळयानं तर जिवंत असून आपल्या कप्तानाशी गप्पा मारतात. आणि अशात लालोंड नावाच्या जंगली ग्रहावर जिवंत आणि मृत यांच्यामधला पडदा फाटतो. पलीकडे ना स्वर्ग, ना नरक. नुसती पोकळी. चव नाही, स्पर्श नाही. एकमेकांच्या आठवणी चघळत बसायचं. तिथून हे आत्मे दिसेल त्या जिवंत देहात घुसतात. मूळ मालक आतल्या आत कोंडला जातो आणि आपल्याच हातांनी चाललेले उद्योग मुकाट्यानं बघत राहतो. हे आत्मे जवळ आले की यंत्रं बिघडतात. उघड्या आकाशाची त्यांना इतकी धास्ती, की डोक्यावर लाल ढगांचं छप्पर घालून घेतात.

आता वाचकांचं काय झालं ते सांगतो. पुस्तकं गाजली, आणि भांडणंही गाजली. लांबीवर कुरकुर झाली, ती मला पटली. जॉशुआ हा नायक फार नशीबवान आणि बायकांना फार आवडणारा, अशीही तक्रार झाली. ती बहुतेक पुरुषांनी केली असावी, कारण वाचताना मीही तीच करत होतो.

खरी जुंपली ती अल कपोनवरून. शिकागोचा हा गुंड १९४७ साली वारला. इथं तो एका परग्रहावर परत येतो आणि आत्म्यांची टोळी बांधून अख्ख्या ग्रहाचा ताबा घेतो. काहींनी "हा काय पोरखेळ!" म्हणून कपाळाला हात लावला, काहींनी केवळ त्याच्यासाठी पुढची पानं उलटली. मी दुसऱ्या गटातला. माणूस मेल्यावर सुधारतो, हा गैरसमज फक्त शोकसभेत टिकतो. आमचे एक हेडकॅशियर रिटायर झाले. पेन्शन घ्यायला आले की अजूनही काउंटरच्या आत शिरतात आणि नोटा कुणाच्याही असोत, मोजून देतात. मग कपोन सत्ताविसाव्या शतकात आला म्हणून काय वाचनालय काढणार? उलट, १७८९ साली 'बाउंटी' जहाजावर बंड करणारा फ्लेचर क्रिश्चन याच कादंबरीत परत येतो आणि एका मुलीच्या रक्षणासाठी झटतो. तोही मूळचा सज्जन होता, तसाच राहिला. हॅमिल्टनला माणसं कळतात, मेलेली तर फारच.

तिसरं भांडण शेवटाचं. तीन हजार पानं लेखक संकटांचं कर्ज वाढवत नेतो, आणि अखेरीस जॉशुआ विश्वाच्या कोपऱ्यातली एक अचाट शक्ती शोधून काढतो. ती हाताशी येताच आत्मे जातात, नाहीसे झालेले ग्रह परत येतात. एका सहीत सगळं निकालात!

बँकेच्या भाषेत याला कर्जमाफी म्हणतात. आणि कर्जमाफीवर होतं तेच झालं. ज्यांनी एकेक पान इमानानं वाचून हप्ते भरले होते, ते खवळले. बाकीचे म्हणाले, तिसऱ्या पुस्तकाच्या नावातच देव आहे, मग तो आला तर कांगावा कशाला?

मी हप्ते भरणाऱ्यांच्या बाजूचा. देव आला याबद्दल माझी तक्रार नाही. त्यानं सगळ्यांचा हिशेब एकगठ्ठा केला, याबद्दल आहे. आपल्याकडे दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना की कुणीतरी पुढे होऊन म्हणतं, "धाकटीचं लग्न मी करून देईन, काळजी करू नका." मग कावळा येतो. दर मयताची इच्छा वेगळी, तिची बोलणी वेगळी. हॅमिल्टननं त्या आत्म्यांची भूक इतकी खरी दाखवली होती, की ती निदान चार-दोघांची तरी भागलेली बघायला मी शेवटपर्यंत जागलो.

माझ्या वडिलांच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला. आम्हाला जरा रागच आला. म्हणजे आमच्याकडून काहीच नको होतं?

त्यांचं बचत खातं आमच्याच शाखेत आहे. शिल्लक ४१२ रुपये, नॉमिनी मी. लोकांना दिवसभर "दाखला आणा, दाखला आणा" म्हणणाऱ्या माझा स्वतःचा दाखला घरी कपाटात पडून आहे. दोन वर्षांनी खातं निष्क्रिय झालं. दहा वर्षं झाली की रक्कम रिझर्व्ह बँकेनं २०१४ साली काढलेल्या निधीत जाईल. तिथूनही ती मागता येते, हे मी इतरांना तोंडपाठ सांगतो.

तोवर दर तिमाहीला तिथं पावणेतीन रुपयांच्या आसपास व्याज पडतं. मी खातं उघडून बघतो, पडद्यावर वडिलांचं नाव येतं. लाल ढग वगैरे काही येत नाही. कॉम्प्युटर मात्र एकदोनदा बंद पडला आहे. पण तो एरवीही पडतो.