पडद्याच्या तळाशी मराठी का नाही?

कोणताही गाजलेला मराठी चित्रपट लावा आणि पडद्याच्या तळाशी पाहा. इंग्रजी सापडेल. ती महोत्सवासाठी केलेली असते, मल्टिप्लेक्समधल्या अमराठी प्रेक्षकासाठी असते, कधी परदेशात विकण्यासाठी. काही वेळा ती उत्तम असते, काही वेळा आईच्या चार वाक्यांच्या बोलण्याला एका शब्दात गुंडाळून मोकळी होते. पण मराठी संवाद मराठीतच वाचता यावेत म्हणून लिहिलेल्या ओळी शोधायला गेलात तर बहुतेक वेळा रिकाम्या हातानेच परत याल. आपल्या भाषेतल्या कॅप्शनकलेची स्थिती सांगायची तर एवढ्यात सांगून होते. मात्र ती अशी का आहे, याला बराच इतिहास आहे.

सबटायटल आणि क्लोज्ड कॅप्शन यांत आपण गल्लत करतो. सबटायटल भाषा न कळणाऱ्यासाठी असते. कॅप्शन ऐकू न येणाऱ्यासाठी असते, म्हणून त्यात कोण बोलले, दार कधी आपटले, गाणे कुठे सुरू झाले हेही येते. ‘क्लोज्ड’ म्हणजे प्रेक्षकाला हवे तेव्हा चालू-बंद करता येणारे, ‘ओपन’ म्हणजे चित्रातच कोरलेले. पुण्या-मुंबईत या विषयाकडे कर्णबधिरांची सोय म्हणून पाहिले जाते आणि तिथेच तो संपतो. जनगणनेने २०११ मध्ये देशात श्रवणदोष असलेले ५० लाखांहून अधिक लोक मोजले, तेव्हा ती ‘सोय’ही काही लहान नव्हे. पण पांढुर्णा आणि सौंसरहून पाहिले की कॅप्शनच्या त्याच दोन ओळींना आणखी एक काम दिसू लागते.

हा प्रदेश एकेकाळी नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला आणि त्याच्या दक्षिण टोकाचे हे दोन तालुके घरात मराठी, कचेरीत हिंदी असे दुहेरी जगू लागले. २०२३ मध्ये दोघांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला, पण भाषेची ही वाटणी तशीच आहे. संत्र्याच्या बागेतले, कापसाच्या शेतातले, लग्नातले बोलणे मराठी. शाळा, अर्ज, सातबाऱ्याच्या जागी असलेला खसरा, सगळे हिंदी. परिणाम असा की इथला तरुण मराठी अस्खलित बोलतो आणि वाचतो मात्र हिंदी. लिपी त्याला येतेच, कारण ती एकच आहे. त्याला मराठी वाचायला शिकवायचे नाही, फक्त डोळ्यांसमोर धरायचे आहे. आणि रोज संध्याकाळी घरात मराठी आणणारी वस्तू एकच, टीव्ही. आता मोबाइलही.

ऐकू येणाऱ्याच भाषेत अक्षरे दाखवावीत ही कल्पना आपल्याकडे ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये मांडली. अमेरिकेत शिकत असताना ते एक स्पॅनिश चित्रपट पाहत होते. खाली इंग्रजी होते. स्पॅनिशच असते तर स्पॅनिश शिकता आले असते, असा विचार आला आणि तिथून भारतात हिंदी गाण्यांना हिंदीच अक्षरे द्यावीत इथवर ते पोहोचले. अहमदाबाद दूरदर्शनच्या ‘चित्रगीत’मध्ये गुजराती गाण्यांवर प्रयोग झाला, पुढे ‘चित्रहार’ आणि ‘रंगोली’मध्ये हिंदीवर. गाण्याचा शब्द जसा गायला जाईल तसा त्याचा रंग बदलत जाई. ज्यांना शाळेत अक्षरओळख झाली पण वाचन जमले नाही, असे लोक गाण्याच्या नादात वाचू लागतात, हा त्यामागचा साधा हिशेब. आधीच पाठ असलेले गाणे डोळा आपोआप वाचतो. कोठारींच्या प्लॅनेटरीड संस्थेने २०१३ ते २०१५ च्या सुमारास झी टॉकीजवर मराठी चित्रपटांना मराठी अक्षरे चढवली. मराठी टीव्हीवरच्या कॅप्शनचे एवढे मोठे आणि इतक्या घरांत पोहोचणारे दुसरे उदाहरण मला दाखवता येणार नाही. त्यातली अक्षरे चित्रातच होती, बंद करायची सोय नव्हती, आणि तेच बरे होते. रिमोटवरचे कोणते बटण दाबायचे हे शोधण्याची तसदी कोण घेतो? खेद एवढाच की प्रयोग झाला, प्रथा झाली नाही. बाकीच्या मराठी वाहिन्यांनी ही सवय उचलली नाही.

तंत्राची अडचण एकेकाळी खरी होती. अमेरिकेत १९८० मध्ये नियमित क्लोज्ड कॅप्शन सुरू झाले तेव्हा ती अक्षरे चित्राच्या एकविसाव्या रेषेत दडवून पाठवत, आणि त्या संकेतप्रणालीत रोमन अक्षरांपलीकडे फारसे काही मावत नव्हते. देवनागरीला तिथे जागाच नव्हती. डिजिटल प्रसारणात अक्षरे लहान चित्रे म्हणून पाठवता येतात, इंटरनेटवर साधी मजकूर-फाइल पुरते. म्हणजे अडथळा केव्हाच गेला. आता राहिली ती कारागिरी, आणि तिच्याविषयी आपण जवळजवळ काहीच बोललेलो नाही.

उदाहरणार्थ, ओळीची लांबी. आंतरराष्ट्रीय व्हिडिओ मंचांचे नियम ओळीत किती वर्ण, सेकंदाला किती वर्ण असे मोजतात, आणि संगणक वर्ण मोजतो तो युनिकोडच्या हिशेबाने. ‘स्त्री’ हे डोळ्याला एक अक्षर, संगणकाला सहा चिन्हे. जोडाक्षरांनी भरलेले वाक्य मोजणीत लांब आणि पडद्यावर आखूड ठरते. मग कॅप्शनकार उगीच संवाद छाटतो. उलट बाजूही आहे. रोमन अक्षरांना दोन ओळींत जेवढे अंतर पुरते तेवढे देवनागरीला पुरत नाही. वरच्या ओळीचा उकार आणि खालच्या ओळीचा रफार एकमेकांत घुसतात. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक मोडक्या फाँटमध्ये नाहीसा होतो. हे सोडवणे अवघड नाही, पण त्यासाठी मराठी वाचणाऱ्याने फाइल पडद्यावर चालवून पाहिली पाहिजे. बऱ्याच ठिकाणी तेवढेही कोणी करत नाही, हे पाहताक्षणी कळते.

ओळ कुठे तोडायची याचेही मराठीचे आपले नियम आहेत. आपले प्रत्यय नामाला चिकटून येतात, त्यामुळे हिंदीत ‘घर’ वर आणि ‘में’ खाली पडते तसे आपल्याकडे होत नाही. पण संयुक्त क्रियापद जपावे लागते. पांढुर्ण्याचा माणूस ‘तो काहून येऊन राहिला’ असे म्हणतो. त्यातला ‘येऊन’ पहिल्या ओळीत आणि ‘राहिला’ दुसऱ्या ओळीत गेला तर वाचणाऱ्याला क्षणभर वाटते की कोणीतरी मागे राहिले.

आता बोलीचा प्रश्न. इथे ‘जवळ’चे ‘जवय’ होते, ‘डोळा’चा ‘डोया’. कॅप्शनमध्ये काय लिहायचे? माझे मत असे की शब्द आणि व्याकरण बोलीचे ठेवावे, ‘काहून’ला ‘का’ करू नये, ‘पोट्टे’ला ‘मुले’ करू नये. उच्चार मात्र रूढ लेखनातच लिहावा, कारण दोन सेकंदांत वाचायचे आहे आणि डोळा ओळखीच्या आकारावर धावतो. विनोद उच्चारातच असेल तर अपवाद. काही कर्णबधिर प्रेक्षक यावर हरकत घेतील, आणि रास्त घेतील. ढंग हीसुद्धा माहितीच आहे, ती आमच्यापासून का लपवता, असे त्यांनी विचारले तर माझ्याकडे पुरेसे उत्तर नाही.

बोलीनंतरचा प्रश्न भाषांच्या सरमिसळीचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगावची गोटमार होते. नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवलेले, दोन्ही काठांवरून दगड, दरवर्षी जखमी, आणि दरवर्षी व्हिडिओ. अशा एका व्हिडिओत लाउडस्पीकरवरच्या सूचना हिंदीत, गच्चीवरच्या बाया मराठीत, बातमीदार कॅमेऱ्याकडे तोंड करून हिंदीत आणि मागे वळून मराठीत. आपोआप कॅप्शन करणाऱ्या यंत्राला बहुधा आधी एक भाषा नेमून द्यावी लागते. हिंदी नेमली की मराठी वाक्यांची हिंदीसारखी दिसणारी भलतीच वाक्ये होतात. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’मध्येही मराठी, हिंदी, इंग्रजी, गुजराती अशा चार भाषा एकमेकींत मिसळतात. इंग्रजी सबटायटल चारही सपाट करते. कॅप्शनला ते करण्याची मुभा नाही. कोणी कोणत्या भाषेत बोलले, हाच त्या चित्रपटातला अर्धा न्याय-अन्याय आहे.

आणि आवाज. इथे मराठीइतकी श्रीमंती फार थोड्या भाषांत असेल. धाडकन, खळखळ, सळसळ, कुजबुज, भणभण, टपटप; एकेका शब्दात आवाज, वेग आणि अंतरही. तरी कंसात दिसते काय? ‘संगीत’. ‘दार उघडण्याचा आवाज’. इंग्रजी साच्याची ही शब्दशः उचल आहे. गोटमारीत दगड पत्र्यावर पडतो तेव्हा ‘दगड पडण्याचा आवाज’ असे लिहिणाऱ्याला मराठी येते असे मी म्हणणार नाही.

कायदा मागे नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात कॅप्शनचा स्पष्ट उल्लेख आहे. २०१९ मध्ये केंद्राने वाहिन्यांसाठी मानके आणली, त्यांत थेट प्रक्षेपणाला सूट दिली. दिल्ली उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ‘पठाण’च्या निर्मात्यांना ओटीटी आवृत्तीसाठी कॅप्शन आणि ध्वनिवर्णन करायला सांगितले. चित्रपटगृहांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे मार्च २०२४ मध्ये आली. त्यांत पहिली पाळी एकापेक्षा जास्त भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या चित्रपटांची, म्हणजे एकभाषी मराठी चित्रपट रांगेत मागे. माझी भीती वेगळी आहे. नियम पाळल्याची खूण करण्यासाठी तयार असलेली इंग्रजीच पुढे सरकवली जाईल. मराठी शाळेत शिकलेल्या कर्णबधिर मुलीला तिचा काय उपयोग? आणि सौंसरच्या हिंदी शाळेत शिकलेल्या, ऐकू येणाऱ्या मुलाला तरी काय?

मराठी निर्मात्यांना एवढेच सांगायचे आहे. तुमच्याकडे संवादांची मराठी प्रत आहे, ती चित्रीकरणाच्या दिवशी नटांच्या हातात होती. इंग्रजी सबटायटलसाठी प्रत्येक ओळीची वेळ बसवलेली फाइलही आहे. मराठी कॅप्शनचे निम्मे काम त्या दोन कागदांत करून ठेवलेले आहे. राहिलेल्या निम्म्यासाठी मराठी नीट वाचणाऱ्या एका माणसाला काही दिवसांचे पैसे द्या, आणि पुढचा चित्रपट त्याशिवाय प्रदर्शित करू नका.