पानगळ की खुडणी?

‘कोवळी पानगळ’ हे नाव ऐकले की एखादा कवितासंग्रह डोळ्यांसमोर येतो. प्रत्यक्षात तो महाराष्ट्रातील बालमृत्यूंवरचा अहवाल आहे. डॉ. अभय बंग यांच्या पुढाकाराने १३ स्वयंसेवी संस्थांनी केलेल्या नोंदींवर आधारलेला हा अहवाल २००१ साली लोकांपुढे आला. अहवालाची समीक्षा साहित्याच्या त्रैमासिकात कशाला, असे कुणी विचारील. ज्या मजकुरामुळे समित्या नेमल्या जातात, कुणाच्या पोराच्या ताटात सरकारी आहार पडायचा आणि कुणाच्या नाही हे ठरते, तो मजकूर आम्ही नाही वाचायचा तर कोणी वाचायचा? शब्दांना जाब विचारायला दलित साहित्याने आम्हाला शिकवले. तो जाब कवितेपुरता ठेवण्याचे कारण नाही.

आधी या अहवालाचे मोल मान्य केले पाहिजे. ग्रामीण, आदिवासी आणि शहरी झोपडपट्टी अशा तिन्ही ठिकाणी घरोघर जाऊन जन्मलेल्या व मेलेल्या मुलांची नोंद या संस्थांनी केली. सरकारी दप्तरात दिसतात त्याहून कितीतरी अधिक मुले या राज्यात मरतात, हे त्यांनी आकड्यांनी दाखवले. ज्यांच्या जगण्याची गणती कुणी केली नाही, त्यांच्या मरणाची तरी गणती झाली. हे लहान काम नाही. २००३ साली शासनाने डॉ. बंग यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. २००५ साली राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले. बालकांच्या आरोग्यासाठी राज्याच्या पातळीवर धोरण हलवायचे तर आधी मोजावे लागते, हा धडा या अहवालाने प्रत्येक कार्यकर्त्याला दिला आहे.

माझे भांडण त्याच्या नावाशी आहे.

पानगळ हा ऋतू आहे. त्यात झाडाचा दोष नसतो, वाऱ्याचाही नसतो. पाने गळतात आणि पुढे पालवी फुटते. अहवालकर्त्यांना हे ठाऊक असणारच, म्हणून त्यांनी ‘कोवळी’ हे विशेषण जोडले. जे गळू नये ते गळते आहे, हा त्यातला सल मला कळतो. परंतु कोवळे पान आपोआप गळत नाही. ते खुडले जाते. गळण्याला कर्ता लागत नाही, खुडण्याला लागतो. मराठी मध्यमवर्गीय अभिरुचीने हे नाव चटकन स्वीकारले, त्याचे एक कारण मला यात दिसते. या नावापुढे हळहळता येते, आणि हळहळणाऱ्याला कुणी आरोपी म्हणत नाही. आमच्या आयाबायांनी सटवाईचे लिखित नाकारले, मुलाच्या कपाळावर कुणी काही लिहून जात नाही हे त्या बाबासाहेबांमुळे शिकल्या. तेच नशीब निसर्गाचे रूप घेऊन मुखपृष्ठावर परत यावे, याची खंत वाटते.

वृत्तपत्रे लिहितात, बालके ‘दगावली’. या क्रियापदात दगा आहे. कुणी दिला, ते बातमीत नसते.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही, कारण माझी धाकटी बहीण अशीच दगावली. १९९६ साल असेल. आम्ही पिंपरीच्या एका झोपडपट्टीत पत्र्याच्या खोलीत राहत होतो. आई एका कारखान्यात कंत्राटदाराकडे झाडलोट करी. बाळंतपणानंतर घरी बसली तर जागा जाईल, म्हणून महिना-दीड महिन्यातच ती कामावर गेली. मी आठ वर्षांचा. दुसऱ्या पाळीच्या दिवसांत बहिणीला सांभाळणे माझ्याकडे. वरचे दूध पाणी घालून पुरवायचे, हे आईने मला शिकवले होते, आणि ते मी इमानाने करीत असे. ‘पोर अंगाला लागत नाही,’ एवढेच आई शेजारणीला सांगे. ‘कुपोषण’ हा शब्द आमच्या खोलीत कुणाला माहीत नव्हता. आठव्या महिन्यात हगवण लागली आणि दोन दिवसांत ती गेली. वडिलांनी आणि दोन शेजाऱ्यांनी तिला पुरले. तिच्या जन्माची नोंद नव्हती, मृत्यूचीही झाली नाही. जन्ममृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. आमच्या खोलीपर्यंत यायला २७ वर्षे त्याला पुरली नाहीत.

तेव्हा तिला खुडणारा कोण? पाणी मी घातले. पण मी एकटा होतो का?

आमची खोली कुठल्या रानात नव्हती. पिंपरीच्या औद्योगिक इतिहासाची सुरुवातच मुलांच्या नावाने झालेली आहे. १९५४ साली स्थापन झालेला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना युनिसेफ, म्हणजे मुलांसाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीच्या आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने उभा राहिला. देशातल्या गरिबाच्या पोराला स्वस्त पेनिसिलिन मिळावे, हा त्यामागचा विचार. मग कारखान्यांची रांग लागली, १९८२ साली महानगरपालिका झाली. पट्टा पुढे चाकणपर्यंत गेला. कायदेही होते. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५० हून अधिक बायका कामावर असतील तिथे पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ च्या दुरुस्तीने ती संख्या ३० वर आणली. पण आई ज्या दारातून आत जाई त्या कारखान्याच्या हजेरीपटावर तिचे नाव नव्हते. ते कंत्राटदाराच्या वहीत होते. बायका चार वह्यांत वाटल्या की तीस कधी भरत नाहीत. इथेही प्रश्न मोजण्याचाच आहे.

आज माझ्या वर्गातली बरीच मुले चाकणला रात्रपाळी करून सकाळी तासाला येतात. खराबवाडी, म्हाळुंगे, निघोजे या गावांतल्या भाड्याच्या खोल्यांत त्यांची कुटुंबे राहतात. कुणी मराठवाड्याचे, कुणी विदर्भाचे, कुणी उत्तर प्रदेश-बिहारचे. गावच्या यादीत ती नाहीत आणि मूळ गावी ती राहत नाहीत. अंगणवाड्या लोकसंख्येच्या मानाने मिळतात, आणि २०२१ साली व्हायची जनगणना त्या वर्षी झालीच नाही. ‘अन्न अधिकार’ खटल्यात १३ डिसेंबर २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले आहे की वस्तीत सहा वर्षांखालची ४० मुले असतील आणि अंगणवाडी नसेल, तर मागणी केल्यापासून तीन महिन्यांत ती दिली पाहिजे. अनुसूचित जाती-जमातींच्या वस्त्यांना अग्रक्रम. मागणी कुणी करायची? जो उद्या खोली बदलणार आहे, त्याने?

अहवालाने शहरी झोपडपट्टी मोजली होती. त्याचे वाचन करणाऱ्यांनी मात्र ती गाळली. मिशनचा आरंभ आदिवासी जिल्ह्यांतून झाला, आणि तिथली निकड पाहता ते योग्यच होते. पण त्यातून कुपोषण म्हणजे मेळघाट, कुपोषण म्हणजे दूरचे जंगल, असे एक चित्र पक्के झाले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील पाच वर्षांखालच्या खुरटलेल्या मुलांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये ३४.४ टक्के होते. २०१९-२१ मध्ये ते ३५.२ टक्के झाले. राज्यातील तीन मुलांतले एक. एवढी मुले केवळ जंगलात मावत नाहीत.

आता स्वतःकडे वळतो. दलित आत्मकथनांत भुकेले मूल पानोपानी आहे. ‘बलुतं’, ‘उपरा’, ‘अक्करमाशी’, ‘जिणं आमुचं’ यांची समीक्षा आम्ही वेदना आणि विद्रोह या दोन शब्दांत केली. त्या भुकेतून धोरणाची मागणी काही आम्ही काढली नाही. आत्मकथन तोच लिहितो जो वाचला. जे वाचले नाही त्याचे आत्मकथन कुठे असते? आमची चळवळ शिष्यवृत्ती, वसतिगृह, राखीव जागा यांसाठी लढली, आणि त्या लढ्यामुळेच मी आज शिकवतो आहे. पण हे सारे त्या मुलासाठी, जे शाळेच्या दारापर्यंत पोचले. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने ६ ते १४ वयाला शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला. सहाखालच्यांना ४५ व्या कलमात मार्गदर्शक तत्त्वांवर सोडले. आम्ही त्याविरुद्ध किती मोर्चे काढले?

बाबासाहेबांनी ही चूक केली नव्हती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती-लाभ विधेयकाची बाजू घेताना त्यांनी मांडले, की आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, तिचा भार सरकारने उचलला पाहिजे, आणि बायकांच्या श्रमावर नफा मिळवणाऱ्या मालकालाही त्यातून सुटता येणार नाही. त्यांनी कर्ता नावानिशी सांगितला: सरकार आणि मालक.

म्हणून या अहवालाची पुढची आवृत्ती आपण लिहावी, असे मला वाटते. प्रत्येक खोलीतले सहाखालचे मूल मोजावे, चाळीस भरले की अर्ज द्यावा, अर्जाची पोच जपून ठेवावी, कंत्राटदारांच्या वह्या एकत्र मांडून बायकांची बेरीज करावी. हे काम विद्यार्थी करू शकतात, शिक्षक करू शकतात. आणि जिथे मूल मरेल तिथे ‘दगावले’ लिहून थांबू नये. दगा कुणी दिला ते पुढच्या रकान्यात लिहावे.

त्या यादीत माझी बहीण येणार नाही. तिचे वर्ष निघून गेले. आई अजून विचारते, दुधात पाणी किती घातले होतेस? आज इतक्या वर्षांनी तिला सांगावेसे वाटते, की आई, तो प्रश्न मला विचारू नकोस. आपण दोघे मिळून तो दुसऱ्या कुणाला विचारू.