अद्भुतरम्य व्हिडिओ गेममधील ऋतुबदल : ‘राजी’च्या संदर्भात एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

साहित्याच्या अभ्यासात ऋतुवर्णनाला जुनी प्रतिष्ठा आहे. संस्कृत काव्यशास्त्राने महाकाव्याच्या लक्षणांत ऋतुवर्णनाचा समावेश केला. मराठीत दुर्गा भागवत यांच्या १९५६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऋतुचक्र’ने महिन्यामहिन्याने बदलणारी सृष्टी ललित गद्याचा विषय केली. कथनाचे एक नवे माध्यम म्हणून व्हिडिओ गेमचा विस्तार झाल्यानंतर मात्र त्यातील ऋतूंचा विचार मराठी समीक्षेत फारसा झालेला दिसत नाही. अनेक विद्यार्थी आज कथा वाचतात तशी ती खेळतातही. त्यामुळे हा विषय केवळ करमणुकीचा समजून बाजूला ठेवणे योग्य ठरणार नाही.

प्रस्तुत लेखात एका मर्यादित प्रश्नाचा विचार करावयाचा आहे. अद्भुत आणि साहस यांवर उभ्या असलेल्या गेमच्या कल्पित विश्वात ऋतुबदल आणावयाचा झाल्यास तो कशासाठी आणि कोणत्या स्वरूपात आणावा? या विचारासाठी पुण्यातील ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या संस्थेने निर्माण केलेला व २०२० साली प्रकाशित झालेला ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ हा गेम आधारभूत मानला आहे. महाराष्ट्रात घडलेला, भारतीय पुराणकथांवर बेतलेला आणि जागतिक स्तरावर दखल घेतला गेलेला हा गेम आहे. २०२० च्या ‘द गेम ॲवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट गेमसाठी त्याला नामांकन मिळाले होते.

ऋतू : देखावा की नियम?

गेममधील ऋतू दोन प्रकारे येऊ शकतो. पहिल्या प्रकारात तो देखावा असतो. झाडांचा रंग बदलतो, जमिनीवर बर्फाचा थर येतो, पार्श्वसंगीत बदलते. परंतु खेळणाऱ्याला काल जे करता येत होते तेच आजही करता येते. दुसऱ्या प्रकारात ऋतू हा त्या विश्वाचा नियम असतो. कोणती वाट चालता येईल, काय उगवेल, कोठे थांबावे लागेल हे तो ठरवतो.

दुसऱ्या प्रकारचे एक ठळक उदाहरण म्हणजे निन्टेंडोच्या ‘झेल्डा’ मालिकेतील २००१ सालचा ‘ओरॅकल ऑफ सीझन्स’. त्यात ऋतूंच्या अधिष्ठात्रीचे अपहरण होते आणि होलोड्रम या देशातील ऋतूंचा क्रम विस्कटतो. नायकाला मिळालेल्या दंडाने तो विशिष्ट ठिकाणी ऋतू बदलू शकतो. हिवाळ्यात पाणी गोठून त्यावरून चालता येते, उन्हाळ्यात वेली वाढून कड्यावर चढता येते. एकच जागा चार वेळा नव्याने वाचावी लागते. ‘स्टारड्यू व्हॅली’ (२०१६) या शेतीप्रधान गेममध्ये प्रत्येक ऋतू २८ दिवसांचा असून ऋतू संपताच त्या ऋतूपुरती असलेली पिके मरून जातात. ‘डोन्ट स्टार्व्ह’ (२०१३) या गेममध्ये तर २०१४ साली आलेल्या जोडभागाने ओला वसंत आणि होरपळणारा उन्हाळा यांची भर घातली. आधी थंडीला तोंड द्यायला शिकलेल्या खेळाडूला त्यामुळे पाऊस आणि आग यांच्याशी नव्याने झुंजावे लागले. तयार झालेल्या विश्वात ऋतू मागाहून आणता येतात आणि त्यांमुळे त्या विश्वाचा स्वभावच पालटतो, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

या तिन्ही गेममधील ऋतुचक्र वसंत, उन्हाळा, पानगळ आणि हिवाळा असे चौपदरी आहे. ते समशीतोष्ण प्रदेशातील अनुभवातून आले आहे. त्यात पाऊस पडतो. पण पावसाळा नाही. मराठी भाषक प्रदेशात मात्र वर्षाची रचनाच पावसाभोवती झालेली आहे. हा फरक केवळ हवामानाचा नसून कथनाचाही आहे.

‘राजी’चे विश्व

‘राजी’ची कथा थोडक्यात अशी. राजी आणि तिचा धाकटा भाऊ गोलू ही कसरतीचे खेळ करून पोट भरणारी अनाथ भावंडे. रक्षाबंधनाच्या उत्सवात असुरांचा हल्ला होतो आणि गोलूचे अपहरण होते. दुर्गेचा कृपाप्रसाद लाभलेली राजी त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू यांच्या संवादातून ही कथा उलगडत जाते. राजस्थानी स्थापत्य, पहाडी चित्रशैली आणि छायाबाहुल्यांच्या खेळाची आठवण करून देणारी निवेदनदृश्ये यांमुळे गेमला स्वतःचे रूप लाभले आहे. एका लहान संस्थेने साधलेली ही दृश्यात्मक सुसंगती निश्चितच प्रशंसनीय आहे.

तथापि या विश्वातील काळाचा विचार केला असता एक उणीव जाणवते. रक्षाबंधन म्हणजे श्रावणी पौर्णिमा. कथेचा आरंभ भर वर्षाऋतूत होतो. परंतु हा श्रावण कथेवर आपला कोणताही अधिकार गाजवत नाही. किल्ला, नगरी, वाळवंट अशी स्थळे बदलत जातात. ऋतू नियम म्हणून कोठेच उभा राहत नाही. मागे टाकलेले ठिकाण पुन्हा वेगळ्या ऋतूत भेटत नाही. सण आला, पण त्या सणाला धारण करणारा महिना आला नाही, असे या मांडणीचे वर्णन करता येईल.

साहसाचा ऋतू

ही उणीव महत्त्वाची का मानावी, हे समजण्यासाठी अपहृताच्या शोधाची सर्वांत परिचित भारतीय कथा पाहणे उपयुक्त ठरते. परंपरेने नाशिकची पंचवटी हे सीताहरणाचे स्थान मानले जाते. वाल्मीकिरामायणाच्या अरण्यकांडात गोदावरीवर स्नानाला जाताना लक्ष्मण हेमंत ऋतूचे वर्णन करतो आणि त्यानंतर लगेच शूर्पणखेचा प्रवेश होतो. पुढे किष्किंधाकांडात वालिवधानंतर सीतेचा शोध लगेच सुरू होत नाही. वर्षाऋतू आलेला असतो. राम प्रस्रवण पर्वतावर पावसाचे महिने काढतो. शरद येतो, आकाश निवळते, तरी सुग्रीव हालचाल करीत नाही. तेव्हा लक्ष्मण संतापून किष्किंधेत जातो आणि मग वानर चारही दिशांना पाठविले जातात.

येथे ऋतू वर्णनापुरता राहत नाही. तो कथानक अडवतो. पावसामुळे नायकाला थांबावे लागते, थांबल्यामुळे विरह तीव्र होतो, मित्राच्या वचनाची परीक्षा होते. पाऊस काढून टाकला तर सुग्रीवाच्या विलंबाला आणि लक्ष्मणाच्या क्रोधाला कारणच उरत नाही. रामाचा शोध ऋतू मानतो, राजीचा शोध मानीत नाही. दोन्ही कथांचे बीज एक असूनही त्यांच्यात पडलेले हे अंतर विचार करायला लावणारे आहे.

पावसात थांबण्याचा हा नियम काव्यापुरता नव्हता. नाशिकजवळील पांडवलेण्यांत, दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात, क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे एकूण ३,००० कार्षापण कायम ठेव म्हणून ठेवले. त्यांपैकी २,००० कार्षापणांवर दरमहा शेकडा एक या दराने व्याज मिळावयाचे होते. त्या व्याजातून या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण वस्त्रासाठी द्यावयाचे होते. वर्षाचे व्याज २४० कार्षापण होते आणि वाटपही तेवढेच भरते. भिक्षूंनी पावसाळ्यात एका जागी राहावे यासाठी दान, सावकारी आणि विणकाम यांची एवढी नेमकी व्यवस्था उभी होती.

पुढे मराठ्यांच्या फौजाही पावसाळ्यात छावणी करून राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. आजही दसऱ्याला सोने म्हणून आपट्याची पाने वाटली जातात, त्यामागे हीच स्मृती असल्याचेही मानले जाते. याला वारीचा अपवाद दाखविता येईल. संत निवृत्तिनाथांची पालखी ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून निघून पावसाच्या तोंडावर पंढरीची वाट चालते. पण ती वाट ज्या आषाढी एकादशीला पूर्ण होते, त्याच दिवशी चातुर्मास सुरू होतो. म्हणजे अपवादही त्याच पंचांगात बसलेला आहे.

या सर्व उदाहरणांवरून असे म्हणता येईल की, मराठी मुलखात साहसालाच ऋतू होता. निघावे केव्हा आणि थांबावे केव्हा हे ऋतूने ठरविले. म्हणून या भूमीतून घडणाऱ्या अद्भुत गेममध्ये ऋतू आणावयाचा असेल, तर तो पानांचा रंग बदलण्यापुरता न ठेवता निघणे आणि थांबणे यांचा नियम म्हणून आणावा लागेल.

ऋतुबदलाच्या शक्यता

असा नियम गेममध्ये कसा साकार होईल, याची सामग्री परिसरातच उपलब्ध आहे. नाशिकच्या गोदाकाठी दुतोंड्या मारुतीची मूर्ती आहे. पाणी तिच्या कमरेला लागले, गळ्याशी आले, यावरून नाशिककर पुराची तीव्रता ओळखतात. १९६९, २००८, २०१६ आणि २०१९ या वर्षांचे पूर या शहराच्या स्मरणात आहेत. ही मूर्ती म्हणजे एक सहज वाचता येणारे मापक आहे. गेमच्या पडद्याच्या कोपऱ्यात आकडे दाखविण्याऐवजी विश्वातीलच एखाद्या मूर्तीवरून पाणी वाचता आले, तर खेळाडूला नदीकडे पाहावे लागेल. उन्हाळ्यात घाटाच्या पायऱ्यांवरून मंदिरात जाणारी वाट पावसाळ्यात बुडेल. एकाच घाटाचे दोन नकाशे होतील.

दुसरी शक्यता पंचांगातील पर्जन्यनक्षत्रांची आहे. मृगापासून पुढे प्रत्येक नक्षत्राचा काळ साधारण १३-१४ दिवसांचा असतो आणि प्रत्येकाला एक वाहन दिलेले असते. वाहन हत्ती, बेडूक किंवा म्हैस असेल तर भरपूर पाऊस, कोल्हा वा मेंढा असेल तर कमी, असे आडाखे बांधले जातात. हवामानशास्त्राच्या दृष्टीने याला प्रमाण मानता येणार नाही. परंतु खेळाचा नियम म्हणून त्यात कालावधी, संकेत आणि अनिश्चितता हे तिन्ही घटक आहेत. २८ दिवसांनी न चुकता बदलणाऱ्या ऋतूपेक्षा ही रचना येथील अनुभवाशी अधिक प्रामाणिक ठरेल.

कारण येथील ऋतू वेळापत्रक पाळतोच असे नाही. नाशिकचा द्राक्ष बागायतदार एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी करतो. सर्व हिशेब तारखांचा असतो. तरीही २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्रात झालेल्या गारपिटीसारखी एक आपत्ती काढणीला आलेला घड नष्ट करते. ऋतू चुकतो हे ज्या विश्वाला ठाऊक नाही, ते विश्व कितीही सुंदर असले तरी शेतकऱ्याच्या मुलाला ते परकेच वाटेल.

आक्षेप आणि मर्यादा

या मांडणीवर दोन आक्षेप संभवतात. पहिला खर्चाचा. प्रत्येक स्थळाची प्रत्येक ऋतूतील चित्रे, प्रकाशयोजना आणि ध्वनी वेगळे करावे लागतात. वाटा बदलत असतील तर प्रत्येक ऋतूत प्रत्येक वाट तपासावी लागते. पन्नास स्थळे आणि सहा ऋतू म्हटले की तीनशे अवस्था होतात. लहान संस्थेला हे झेपणारे नाही. हा आक्षेप रास्त आहे आणि ‘राजी’चे मूल्यमापन करताना तो विसरता कामा नये. मात्र सहाही ऋतू आणण्याचा आग्रह अनावश्यक आहे. पावसाळा आणि उघडीप या दोनच अवस्था, आणि त्याही मोजक्या स्थळी, पुरेशा ठरू शकतात.

दुसरा आक्षेप अधिक मूलभूत आहे. गेम हा कृतीचा प्रकार असल्याने खेळाडूला थांबायला लावणे म्हणजे त्याला घालवून देणे, असे म्हटले जाईल. येथे थांबणे आणि रिकामे बसणे यांत भेद करावा लागतो. वर्षावासात अध्ययन होते, छावणीत पुढील मोहिमेची जुळवाजुळव होत असे, प्रस्रवण पर्वतावर रामाचे दुःख बोलके झाले. गेममध्येही पावसाचे महिने शस्त्रविद्या शिकण्याचे, सोबती जोडण्याचे, कथा ऐकण्याचे होऊ शकतात. राजीला एका गावात पावसाने अडकवून ठेवले असते, तर भावाशिवाय गेलेला श्रावण खेळाडूच्याही वाट्याला आला असता. तिच्या शोधातील निकड त्यामुळे कमी न होता वाढली असती.

समारोप

‘राजी’ने भारतीय देवता, वास्तू आणि चित्रशैली यांना गेमच्या माध्यमात प्रतिष्ठेने आणले, ही तिची कामगिरी होय. स्थळ आपले झाले. काळ मात्र अद्याप आपला झालेला नाही. ऋतुबदल हा त्या काळाकडे जाण्याचा मार्ग आहे. परंतु बर्फ आणि पानगळ यांची आयात करून तो साधणार नाही, तसेच पावसाची नुसती धार पडद्यावर दाखवूनही साधणार नाही. ज्या प्रदेशात पाऊस वाट अडवतो, नदी मंदिराच्या पायऱ्या गिळते आणि दसरा वाट मोकळी करतो, त्या प्रदेशातील अद्भुत नायकालाही केव्हा तरी लेण्याच्या ओसरीत बसून पाऊस ओसरण्याची वाट पाहता आली पाहिजे. पुढील मराठी वा भारतीय गेमची समीक्षा करताना त्यात किती ऋतू आहेत याऐवजी त्या ऋतूंनी नायकाला कोठे आणि का थांबविले, हा निकष लावणे अधिक फलदायी ठरेल.