क्लार्क्सनकृत गुलामव्यापार-निर्मूलनाचा इतिहास : एक परीक्षण

ब्रिटिश पार्लमेंटानें आफ्रिकी गुलामांचा व्यापार इ. स. १८०७ त कायद्यानें बंद केला. त्या प्रयत्नाचा टॉमस क्लार्क्सन यानें लिहिलेला द्विखंडात्मक इतिहास पुढच्याच वर्षीं प्रसिद्ध झाला. ता. २२ मे १७८७ रोजीं लंडनांत १२ गृहस्थांनीं, पैकीं ९ क्वेकर, जी समिति स्थापिली तिचा हा स्वतः संस्थापक सभासद. राजसत्तेचें पाठबळ नसतां खासगी मंडळींनीं लोकमत कसें जागृत केलें, हें सांगण्याचा त्याचा अधिकार मोठा आहे. १७९२ त पार्लमेंटाकडे ५०० हून अधिक अर्ज गेले, ते आपोआप गेले नाहींत.

ग्रंथाचें खरें मोल साधनसंग्रहांत आहे. हा व्यापार म्हणजे आरमाराची पाठशाळा, असें व्यापारी म्हणत. क्लार्क्सननें ब्रिस्टल व लिव्हरपूल येथील जहाजांचे हजेरीपट तपासून दाखविलें कीं, त्यांत गोरे खलाशीही मोठ्या संख्येनें मरत. लिव्हरपुलच्या दुकानांतून त्यानें हातकड्या, बेड्या व आंगठे चेपण्याचे सांचे विकत घेतले आणि पुरावा म्हणून मांडले. जुने कागद जमविणारास ही वृत्ति परकी वाटणार नाहीं.

परंतु ग्रंथाची दृष्टि एकांगी आहे. क्लार्क्सननें चळवळीच्या पूर्वसूरींचा नद्यांच्या रूपानें नकाशा काढला. त्या प्रवाहांत स्वतः गुलामी भोगलेल्या आफ्रिकी मनुष्यास जागा नाहीं. ‘झाँग’ जहाजावरून सुमारें १३० गुलाम जिवंत समुद्रांत लोटल्याचें प्रकरण सांगतांना ग्रॅनव्हिल शार्पचें नांव येतें. ती वार्ता शार्पकडे आणणाराचें येत नाहीं. तो ओलाउदा इक्वियानो, हें शार्पच्याच १९ मार्च १७८३ च्या टिपणावरून ठरतें. १८३८ त विल्बरफोर्सच्या पुत्रांनीं पित्याच्या चरित्रांत क्लार्क्सनचें श्रेय कमी केलें, तेव्हां त्यानें त्याच वर्षीं छापील प्रत्युत्तर दिलें. श्रेयाचा वाद झाला तो असा, गोऱ्यागोऱ्यांतच! (आमच्याकडे जोतीराव फुले यांनीं १८७३ त ‘गुलामगिरी’ अर्पण केली तीही अमेरिकेंतील गुलामांस मुक्त करणाऱ्या सज्जनांस; मात्र तेथें बोलणारा स्वतः पीडितांपैकीं आहे, हा भेद लहान नव्हे.)

म्हणून हा ग्रंथ एकटा वाचूं नये. समितीच्या कारवाईच्या हस्तलिखित वह्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. त्यांच्याशीं तो ताडावा. इक्वियानोनें १७८९ त वर्गणीदार जमवून आत्मचरित्र छापलें. १७९४ पर्यंत त्याच्या ९ आवृत्त्या निघाल्या. प्रत्येकींतील वर्गणीदारांची यादी निराळी असल्यानें एकच प्रत पाहून भागत नाहीं.