‘टेक’ आणि आपले ‘घेणे’

इंग्रजीतील ‘टेक’ म्हणजे ‘घेणे’, एवढे शिकवून आम्ही शिक्षक मोकळे होतो. वस्तुतः डॉ. जॉन्सन ह्यांनी १७५५ च्या आपल्या कोशात ह्या एका क्रियापदाचे १३४ अर्थ दिले आहेत. मराठीत औषध घेतात. परंतु छायाचित्र काढतात, गाडी पकडतात, राग मानतात, आणि कामाला वेळ लागतो. इंग्रजीत हा सारा भार एकटे ‘टेक’ वाहते.

खरा पेच परीक्षेचा. इंग्रज विद्यार्थी परीक्षा ‘घेतो’. आपला विद्यार्थी ती ‘देतो’, घेणारा शिक्षक असतो. ‘मी परीक्षा दिली’ ह्याच्या भाषांतरात एका मुलाने ‘गिव्ह’ योजले, तेव्हा आम्ही तांबडी रेघ ओढली. रेघ योग्यच होती. परंतु त्याच्या चुकीचे मूळ शुद्ध मराठीत आहे, हे त्याला सांगावयास हवे होते. ते आम्ही सांगितले नाही.

उलट ‘बस घेतली’, ‘फोटो घेतला’ अशी इंग्रजी वळणाची मराठी निःशंकपणे छापली जाते. तिच्याखाली मात्र आमची रेघ उमटत नाही. मराठीच्या शिक्षकाला हे शोभते काय?